काळजाचं व्होल्टेज

“बंद कर! बंद कर ते मशीन, चाचा! माझ्या काळजाचं व्होल्टेज पडतंय!”

आमचे घरमालक दवाखान्याच्या पायरीवर बसून ओरडत होते. शर्टाची बटणं उघडी, छातीवर ईसीजीच्या जेलीचे गोल गोल ओले ठसे, आणि हातात ईसीजीची लांबलचक पट्टी. आवाज असा, की तिसगावच्या बाजारात बांधलेल्या म्हशीनं दावं तोडून पळावं. तिसगाव आमच्या गल्लीपासून चांगलं तासाभराच्या वाटेवर आहे. पण घरमालकांचं गावच ते, त्यामुळे त्यांच्या आवाजाला रस्ता पाठ होता.

समोरच्या वेल्डिंगच्या दुकानातल्या ठिणग्या थांबल्या. चाचांनी तोंडापुढची काळी काच खाली केली.

“काय झालं, हवालदार?”

“काय झालं? ही पट्टी बघ! मागच्या म्हैन्यात हितं डोंगर हुते, डोंगर! आज बघ, ढेकळं! तू मशीन लावलं, लाईन दबली, ईसीजीला करंट पुरला न्हाई, आन् माझे डोंगर बसले!”

दवाखान्याच्या दारात डॉक्टर म्याडम उभ्या होत्या. वयानं लहान, पण नगरमध्ये हृदयाचं ज्यांना कळतं अशा मोजक्यांपैकी. त्या शांतपणे म्हणाल्या, “काका, आमचं ईसीजीचं मशीन बॅटरीवर चालतं. लाईनचा काही संबंध नाही.”

“आन् बॅटरी कशावर चार्ज हुती? ह्याच लाईनीवर ना?”

म्याडमनी बारा वर्षं घालून जेवढं शिक्षण घेतलं होतं, ते सगळं त्या क्षणी दाराच्या कडीला लटकत राहिलं.

गल्ली गोळा झाली. आता चाचा काय उत्तर देतात, म्हणून आम्ही सगळे कान टवकारून उभे. कारण या दोघांचं भांडण म्हणजे आमच्या गल्लीतलं नाटक, सर्कस आणि कीर्तन एकाच तिकिटात. पण चाचांनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. घरमालकांच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं,

“हवालदार, आज फेऱ्या नाही मारल्या?”

आणि घरमालक खाली बघून शर्टाची बटणं लावू लागले.

या फेऱ्यांचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

घरमालक फौजेत हवालदार होते. तिथून सुटल्यावर नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर झाले. त्यांच्या गेटवरून बिनपासाचं वारंही आत गेलं नाही, असं जुने कामगार सांगतात. मी तर असं ऐकलंय, की एकदा खुद्द मालक पास विसरले, तर घरमालकांनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “तुमाला वळखनारं कोनी आत आसंल, तर त्याला बोलवा.” मालकांनी जनरल मॅनेजरला बोलावलं. तो धावत बाहेर आला, आणि त्याचा पास टेबलावर राहिला म्हणून तोही बाकावर बसला. दुपारपर्यंत म्हणे सगळं मॅनेजमेंट त्या बाकावर होतं आणि कारखाना नेहमीपेक्षा बरा चालला.

नोकरी सुटायच्या सुमारास त्यांचं काळीज फुगत फुगत दुधी भोपळ्याएवढं झालं. जिना चढवेना, आडवं झोपवेना. मग पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात ते काढून दुसरं बसवलं. कुणाचं ते इस्पितळवाले सांगत नाहीत. तरण्या पोराचं होतं, एवढंच घरमालकांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, कळलं. घरमालक त्याविषयी माझ्याशी एकदाच बोलले. म्हणाले, “त्या दिवशी कुनाच्या तरी घरात चूल पेटली नसंल,” आणि ताडकन उठून नळ गळतोय का ते बघायला गेले. नळ गळत नव्हता. त्यांच्या घरातला कुठलाच नळ कधी गळत नसे. पण गळ्याशी काही आलं की त्यांना नळ आठवायचा.

तर हे नवं काळीज बसवताना रक्ताच्या नळ्या जोडतात, पण शरीराच्या तारा जोडता येत नाहीत. म्याडमनी मला हे नीट समजावलं होतं. तुम्ही-आम्ही घाबरलो, चिडलो, की मेंदूकडून तारेनं बातमी जाते आणि काळीज त्याच क्षणी धडधडतं. घरमालकांच्या तारा कापलेल्या. शांत बसवणारी तारही कापलेली, त्यामुळे बसल्या जागीसुद्धा ठोके भरभर. आणि उसळवणारी तारही कापलेली, त्यामुळे रागाची बातमी रक्तातून पायी चालत पोचायची. म्हणजे डोकं पेटलं तरी काळजाला पत्ता नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, कुठलीही मेहनत एकदम सुरू करायची नाही. आधी हळूहळू अंग तापवायचं, नंतर हळूहळू निववायचं.

घरमालकांनी विचारलं, “भांडन मेहनतीत धरायचं का?”

डॉक्टर बिचारे मुंबईचे असावेत. म्हणाले, “हो, धरा.”

झालं! तेव्हापासून आमच्या गल्लीत भांडणाला नियम लागला. घरमालकांना राग आला की ते दारात येऊन जाहीर करायचे, “थांब तिथंच! मी आलो!” आणि उलट्या दिशेला चालू लागायचे. गल्लीच्या तीन फेऱ्या. पहिली सावकाश, दुसरी जरा झपाट्यानं, तिसरीला हात हलवत. समोरच्यानं तोवर उभं राहायचं. कचरावाला, केबलवाला, गॅसवाला, सगळे दुसऱ्या फेरीत निघून जायचे. वाट बघायचे ते एकटे चाचा. ते खुर्ची झटकायचे, चहा सांगायचे आणि कुणी गिऱ्हाईक आलं तर सांगायचे, “जरा थांबा, आमचा पार्टी गरम होतोय.”

भांडणाचा विषय कायम एकच. चाचांनी वेल्डिंग लावलं की घरमालकांची ट्यूबलाईट डोळे मिचकावायची. त्यावरून सुरुवात व्हायची आणि पार पानिपतापर्यंत जायची. आणि भांडण संपलं की निववायची एक फेरी. तीत चाचा स्वतः बरोबर चालायचे, कारण भांडणानंतर हवालदाराला एकट्यानं सोडू नये, असं काकूंनी सांगितलेलं. नवखा माणूस बघायचा, तर दोन म्हातारे खांद्याला खांदा लावून चाललेले; त्याला काय कल्पना, की पाचच मिनिटांपूर्वी ह्यांनी एकमेकांच्या सात पिढ्या उकरल्यात!

एकदा पावसाळ्यात त्यांच्या न्हाणीत नाग निघाला. मी वरच्या खोलीतून किंचाळलो; मी भाडेकरू, मला किंचाळायला परवानगी होती. घरमालकांनी मात्र काठीला नाग गुंडाळला, मागच्या माळावर नेऊन सोडला, हात धुतले, चहा प्यायले, वर्तमानपत्राची घडी उलगडली. मग एकदम छातीवर हात ठेवून म्हणाले, “थांबा. आता मला भ्या वाटायला लागलं.” नाग तोवर पाथर्डीला पोचला असेल.

मी त्यांच्याकडे राहिलो ती वर्षं मला रोज फाटकातून आत येताना ‘कोण’ म्हणून विचारलं जायचं. ओळखत असूनही. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पदराला ‘पाहुणा’ असा बिल्ला लावला. त्यांना तो इतका आवडला, की त्या तो लावूनच शिर्डीला जाऊन आल्या. दूधवाल्याच्या किटलीत घरमालक झाकण उघडून डोकावायचे, जणू आत दोन नटबोल्ट लपवून नेत असेल. खोटं वाटत असेल तर चाचांना विचारा. मात्र चाचा वाढवून सांगतात.

पण गेटवरची एक गोष्ट मी कधी वाढवत नाही. एकदा घरमालक जेवायला गेले असताना एका वॉचमननं एका बदली कामगाराला चोर समजून हाणलं. बदली म्हणजे कायम कामगार सुट्टीवर असला की त्याच्या जागी बोलावतात तो. नवा चेहरा, ओळख कुणाशी नाही, पास ऑफिसात अडकलेला. घरमालक परत आले, पाहिलं. त्या पोराला आपल्या खुर्चीत बसवलं, आणि आठवडाभर रोज त्या वॉचमननं त्याला चहा नेऊन द्यायचा, असा हुकूम केला. “गेटवर मानूस आडवायचा आसतो,” ते म्हणायचे, “मारायचा नसतो. आन् कामाला आल्याला तर न्हाईच न्हाई.”

म्हणूनच नव्या काळजाला त्यांनी नाव दिलं ‘बदली’. आणि जुन्याला ‘रिटायर’. आता जुनं काळीज काढून टाकलं, मग रिटायर कुठून आला? तर तेही म्याडमनीच दाखवलं. त्यांच्या ऑपरेशनात जुन्या काळजाची मागची एक भिंत तशीच ठेवली होती, आणि नवं त्या भिंतीला शिवलं होतं. ठोक्याची वीज जिथून निघते ते जुनं ठिकाण त्या भिंतीतच राहिलं. ते अजूनही आपल्या चालीनं ठोका सोडतं. पण शिवणीच्या पलीकडे तो जात नाही. पट्टीवर नव्या काळजाच्या उंच लाटांच्या मधे मधे बारीक टिंबासारखे उंचवटे दिसतात, ते त्याचे.

घरमालकांनी पट्टी डोळ्यांपुढे धरून हे ऐकलं आणि इतके खूश झाले, की त्या आनंदात फेऱ्या न मारता हसले.

“म्हंजी रिटायर झाल्याला मानूस रोज गेटवर येतो, पंच करतो, आन् आत कोन घेत न्हाई! म्याडम, आमच्या कारखान्यात आसे चार हायेत!”

तेव्हापासून ते महिन्यातून एकदा ईसीजीला जायचे ते दोघांची खबर काढायला. बाहेर येऊन सगळ्यांना सांगायचे, “बदली जोरात हाय. रिटायर टायमावर हाय.” काकू म्हणायच्या, “एका काळजाचा संसार करता करता माझं आयुष्य गेलं, आता दोन-दोन सांभाळतेय.”

आता सगळ्यात अवघड भाग गोळ्यांचा. शरीराचे पहारेकरी असतात. परकं काही आत आलं की त्याच्यावर तुटून पडतात. नवं काळीज त्यांच्या दृष्टीनं परकंच, आयुष्यभर. म्हणून त्यांना गुंगीत ठेवायच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, न चुकता. हे ज्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं, त्या दिवशी घरमालकांचं तोंड उतरलं. ज्या माणसानं झोपलेल्या वॉचमनच्या चपला उचलून कारखान्याच्या चिमणीवर टांगल्या, त्याला डॉक्टर सांगतायत, की तुझे सगळे वॉचमन जन्मभर झोपवून ठेव!

“ड्यूटीवर झोपायच्या गोळ्या,” ते म्हणायचे, आणि तोंड असं करायचे जणू लाच खातायत.

पण घ्यायचे. वर्षानुवर्षं घेतल्या. आणि मग, हे आम्हाला त्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं, त्यांनी मनाशी एक हिशेब मांडला.

तर पुन्हा दवाखान्याच्या पायरीवर या. चाचांनी विचारलंय, ‘आज फेऱ्या नाही मारल्या?’ आणि घरमालक बटणं लावतायत.

आम्हाला सगळ्यांना एकदमच जाणवलं. नुसत्या आजच नव्हे. कितीतरी दिवसांत त्यांनी फेऱ्या मारल्या नव्हत्या. भांडलेच नव्हते. आम्ही उलट खूश होतो. गल्लीत बायका म्हणत होत्या, हवालदार निवळले, देवाला लागले. मी स्वतः काकूंना म्हटलं होतं, “काका हल्ली किती शांत झालेत!” ओळखलं नाही ते आम्ही सगळ्यांनी. माणूस भांडत नाही याचा अर्थ सुधारला, असं समजणारी आमची जात!

“पाय बघू,” म्याडम खाली बसत म्हणाल्या. पायजमा वर केला. घोटे सुजलेले. बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

“छातीत दुखतंय?”

“न्हाई. काईच दुखत न्हाई.”

“दुखणारच नाही. दुखण्याची तारही कापलेली आहे. काका, ऐका माझं. पहारेकरी उठलेत असा मला संशय आहे. त्यांनी नव्या हृदयावर हल्ला केला की त्याच्या भिंतीला सूज येते. सुजलेल्या भिंतीतून वीज नीट बाहेर येत नाही, म्हणून लाटा बुटक्या झाल्या. आणि इथं बघा, एक ठोका वरून निघाला आणि खाली पोचलाच नाही. मधेच हरवला. मी पुण्याला फोन केलाय. ते म्हणाले, आजच आणा. पट्टीवरून नुसता संशय येतो. मानेतून बारीक नळी घालून तुकडा काढतील, तेव्हा खात्री होईल.”

मानेतल्या नळीचं नाव निघालं आणि घरमालकांचा हट्ट दुप्पट झाला.

“चाचाचं मशीन बंद आसताना पट्टी काढा. तरी बी बारीक आली, तर जातो. न्हाईतर न्हाई!”

“काका, वेळ घालवू नका. एकेक तास—”

“न्हाई म्हंजी न्हाई!”

काकू रडकुंडीला आल्या. मी समजावलं, म्याडम ओरडल्या. पण बिनपासाच्या मालकाला ज्यानं बाकावर बसवलं, तो आमचं काय ऐकणार? तेवढ्यात चाचा म्हणाले, “ठीक आहे हवालदार. मशीन बंद. मशीनच काय, आज पूर्ण गल्ली बंद.”

आणि हा माणूस, ज्याच्या दुकानात एका शाळेचं भलंमोठं फाटक अर्धवट पडलं होतं, शाळेचे लोक रोज तगादा लावत होते, तो गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडला, “गिरणी बंद करा! मोटर बंद! कूलर बंद! हवालदारच्या दिल का मामला है, कुणी बटन लावलं तर मी हात तोडीन!”

भर वैशाखातली दुपार. गिरणीचा पट्टा थांबला. झेरॉक्सवाल्यानं मशीन अर्ध्या पानावर थांबवलं. पंखे थांबले, फ्रीज थांबले, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा भीतीनं थांबल्या. एका आजोबांनी तर भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून हातात धरला. आमच्या गल्लीत एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. सगळे घामानं निथळत दवाखान्याच्या खिडकीत. फक्त काकूंच्या ओट्यावरचा एक दिवा चाचांनी चालू ठेवायला सांगितला, लाईनला किती जोर आहे ते दिसावं म्हणून. तो भर दुपारी असा पेटला, की सूर्यानं खाली मान घातली.

घरमालक टेबलावर आडवे झाले. मनगटांना चिमटे, छातीवर रबरी चोखण्या. म्याडमनी बटण दाबलं. कर्र कर्र करत पट्टी बाहेर येऊ लागली.

मला ईसीजीतलं ओ की ठो कळत नाही. पण मागच्या महिन्याची पट्टी शेजारीच ठेवली होती, आणि ढेकळं ती ढेकळंच होती. मघाच्यापेक्षाही बुटकी. आणि एका जागी लाट यायची ती आलीच नाही. नुसती सपाट रेघ थोडी पुढे गेली, आणि मग दुसरी लाट, उशिरा आलेल्या पोरासारखी, खाली मान घालून.

घरमालकांनी पट्टी मागून घेतली. ओट्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. पुन्हा पट्टीकडे पाहिलं.

“हे बारके बारके कोनाचे?”

“तुमच्या रिटायरचे,” म्याडम म्हणाल्या.

“हे तर पयल्यासारखेच हायेत.”

“हो. त्याला काहीच झालेलं नाही. तो तुमचा स्वतःचा ना! त्याला पहारेकरी कशाला हात लावतील? ते मारतात फक्त बाहेरून आलेल्याला.”

घरमालक पट्टीवर बोट फिरवत राहिले. बारका उंचवटा, टायमावर. मोठी लाट, बसलेली. बारका, टायमावर. त्यांचं बोट त्या सपाट जागेवर येऊन थांबलं.

“मी गोळ्या कमी केल्त्या,” ते म्हणाले.

काकूंनी तोंडावर पदर धरला.

“मला वाटलं, इतकी वर्षं झाली. बदली कामगार बी इतकी वर्षं राबला की परमनंट व्हतो. पहारेकऱ्यांची वळख झाली आसंल. रोज त्येच तोंड बगत्यात. म्हनलं, आता कशाला झोपवायचं त्यांना? उठूं द्या, करूं द्या ड्यूटी. आधी रात्रीची निम्मी केली. काई झालं न्हाई. मंग सकाळची बी.” ते थांबले. आता ते नळ बघायला उठणार, असं मला वाटलं, पण त्यांच्या छातीला सगळ्या वायरी लावलेल्या होत्या. “न काम करनारा आरामात पंच करतोय, आन् कामाला आल्याला मार खातोय. आन् ते बी माझ्याच गेटवर, माझ्याच मानसांच्या हातनं.”

मग त्यांनी चाचांकडे मान वळवली. “गाडी बोलीव.”

अँब्युलन्स आली तेव्हा चाचाच काकूंबरोबर आत चढले, हातावरची काजळी तशीच. घरमालकांनी स्ट्रेचरवरून ड्रायव्हरला विचारलं, “आत जायचा पास हाय का?” ड्रायव्हर गोंधळला. चाचा म्हणाले, “हाय हाय, माझ्याकडे हाय, तू चल.” केडगाव मागे पडेपर्यंत आम्हाला भोंगा ऐकू येत होता. सुप्यापर्यंत ऐकू आला असं मी सांगतो, पण ते तुम्ही सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी चाचा एकटेच परतले. तुकडा काढला होता. संशय खरा निघाला. हल्ला मोठा होता. सलाईनमधून जोरदार औषधं सुरू झाली होती. काचेतून पाहिलं, म्हणाले. ठोके दाखवणारा पडदा होता, त्यावरची लाट कधी उठायची, कधी नाही. “मी आपला मोजत बसलो. मग नर्स म्हणाली, चाचा, तुमी मोजून ते वाढत नाहीत.”

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आमच्या गल्लीला शांततेची सवय नव्हती. बायका उगाच दारात येऊन उभ्या राहायच्या. मी वरच्या खोलीत इकडून तिकडे फिरायचो. फाटकातून येताना ‘कोण’ म्हणून कुणी विचारायचं नाही, तर मला आपण स्वतःच्याच घरात चोरून शिरतोय असं वाटायचं. फोन वाजला की सगळ्यांचे चेहरे एकदम वर. काकू सांगायच्या, आज जरा बरं. आज परत एक ठोका गाळला. आज त्यांनी वॉर्डबॉयला ओळखपत्र मागितलं. हे शेवटचं ऐकलं तेव्हा पहिल्यांदा आम्ही नीट जेवलो.

आणि चाचांचं मशीन बंद. घरमालकांच्या ट्यूबलाईटनं त्या दिवसांत एकदाही डोळा मिचकावला नाही. फाटक भिंतीला टेकून तसंच, दोन गज जोडलेले, बाकीचे लोंबतायत. शाळेचे मुख्याध्यापक आले, चिडले, “चाचा, पोरं रस्त्यावर येतायत हो!” चाचा म्हणाले, “रॉड संपलेत.” रॉडची पेटी त्यांच्या ढुंगणाखाली होती. दुसऱ्या खेपेला म्हणाले, कारागीर गावाला गेलाय. कारागीर शेजारी बसून केळं खात होता.

मी शेवटी न राहवून म्हटलं, “चाचा, म्याडमनी तर स्पष्ट सांगितलं. सगळी गल्ली बंद करून तुम्हीच बघितलं. तुमच्या मशीनचा आणि त्यांच्या काळजाचा काही एक संबंध नाही.”

“मी कुठं म्हटलं, आहे?” चाचा म्हणाले आणि पॉलिशपेपर घेऊन एकच गज घासत राहिले. तो गज घासून घासून इतका बारीक झाला होता, की त्यातून सुई निघाली असती.

घरमालक आले ते तोंडाला मास्क, अंगावर शर्ट लोंबतोय असे. गल्लीनं स्वागत केलं. त्यांनी कुणालाही बिल्ल्याशिवाय जवळ येऊ दिलं नाही. या खेपेला कारण खरं होतं, जंतू लागायची भीती. गोळ्यांचा डबा आता काकूंच्या कमरेला किल्ल्यांबरोबर बांधलेला. म्याडमनी पट्टी काढली. डोंगर नव्हते अजून; पण टेकड्या होत्या, एकामागे एक, सगळ्या हजर. घरमालकांनी ती पट्टी पुन्हा पुन्हा पाहिली, आणि म्हणाले, “बदलीला खुर्ची द्या.” म्हणजे काय, ते म्याडमना कळलं नाही. मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चाचांच्या दुकानाकडे बराच वेळ पाहिलं. मग बोट रोखून म्हणाले, “थांब तिथंच! मी आलो!” आणि उलट्या दिशेला चालू लागले.

सगळी गल्ली दारात. पहिली फेरी सावकाश. मधे दोनदा थांबले. काकू पुढे होणार, तर हातानंच मागे सारलं. दुसरी फेरी जरा बरी. तिसऱ्या फेरीला हात हलायला लागले, आणि आमच्यातल्या कुणाकुणाला रडू फुटलं. चाचांनी खुर्ची झटकली नाही, चहा सांगितला नाही. खाली मान घालून गज घासत होते. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता, दुकानातला बल्ब भर सकाळी लखलखत होता.

घरमालक समोर येऊन उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला.

“चाचा! म्हैना उलटून गेला, आन् हे फाटक हुतं तिथंच हाय! पोरं रस्त्यावर येत्यात म्हनं! मी हितं न्हाई म्हनून कामचुकारपना? एवढे दिवस मशीन का न्हाई लावलं?”

चाचांनी गजावर फुंकर मारली.

“लाईट नव्हती,” ते म्हणाले.